चाकं मोजा, इंजिन ओळखा

वाफेचं इंजिन म्हटलं की लक्ष आधी धुराकडे आणि शिट्टीकडे जातं. पण ते कोणत्या कामासाठी बांधलंय हे ओळखायचं असेल तर खाली वाकून त्याची चाकं मोजावीत. पुढची छोटी चाकं, मधली वाफेच्या जोरावर फिरणारी मोठी चाकं आणि मागची छोटी चाकं, असे तीन आकडे मिळतात. अमेरिकेतले रेल्वे अभियंते फ्रेडरिक व्हाइट यांनी ही पद्धत १९०० च्या सुमारास आणली आणि ती जगभर रुजली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली इंजिनं २-४-० होती. मागे छोटं चाकच नाही.

पुढे भारतात प्रत्येक रेल्वे कंपनी आपापल्या मर्जीने इंजिनं मागवायची आणि वर्गांना नावंही आपलीच द्यायची. १९०३ पासून ब्रिटिश अभियंत्यांच्या समितीने काही ठरावीक नमुने घालून दिले. मात्र नावांची खरी शिस्त आली ती १९२० च्या दशकात. ब्रॉडगेजला एक्स, मीटरगेजला वाय, अडीच फुटी नॅरोगेजला झेड. त्यापुढचं अक्षर कामाचं: एक्सबी हलक्या प्रवासी गाड्यांसाठी, एक्सई जड मालगाड्यांसाठी.

या नव्या इंजिनांचा आकार ठरवला तो कोळशाने. आपल्या कोळशात राख फार. त्यातून पुरेशी उष्णता मिळवायची तर भट्टीची जाळी रुंद हवी, आणि रुंद भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नाही. मग ती चाकांच्या मागे सरकवली आणि तिचं ओझं पेलायला मागे छोटी चाकं दिली. एक्सबीच्या ४-६-२ मधला शेवटचा ‘२’ असा थेट कोळशाच्या राखेतून आला आहे.

एक्सबीचा हिशेब मात्र चुकला. वेगात ते डावीउजवीकडे हेलकावे खाई आणि रुळांना बाजूने रेटा देई. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिहटाजवळ एक्सबी जोडलेली एक्सप्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर तज्ज्ञांची समिती नेमून या वर्गाची कसून तपासणी झाली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून डब्ल्यूपी या नव्या वर्गाची इंजिनं आली ती या कडू अनुभवानंतर. तीही ४-६-२ च, पण रुळांवर स्थिर. गोळीसारखं निमुळतं नाक, त्यावर चांदणी. मला विचाराल तर भारतीय रुळांवर याहून देखणं वाफेचं इंजिन धावलंच नाही.

डब्ल्यूपीची मोठी चाकं १७० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जवळजवळ पुरुषभर उंच. एका फेरीत इंजिन सव्वापाच मीटरहून जास्त पुढे जातं. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला पाचहून जास्त फेऱ्या घेतं. दोन सिलिंडर, दोघांतही दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ, म्हणजे फेरीला चार फुत्कार. सेकंदाला वीसच्या वर! तेवढ्या वेगात ‘झुकझुक’ उरतच नाही, एक सलग गर्जना होते.

मालगाडीच्या डब्ल्यूजीचं चाक १५६ सेंटिमीटरचं. बॉयलर डब्ल्यूपीसारखाच, पण मांडणी २-८-२. सायकलचा चढावरचा गिअर आठवा: चाक लहान तर फेरीत अंतर कमी कापलं जातं, पण ओढ वाढते. शिवाय सहाऐवजी आठ चाकं रुळाला धरतात, त्यामुळे जड गाडी हलवताना ती जागच्या जागी घसरत नाहीत. १९५० साली चित्तरंजन कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजीच होतं, त्याचं नाव ‘देशबंधू’. या वर्गाची जवळपास अडीच हजार इंजिनं झाली. शेवटचं १९७० साली बनलं, त्याचं नाव ठेवलं ‘अंतिम सितारा’. कारखान्यातल्या माणसांना काय वाटलं असेल ते या नावातच कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉडगेजच्या एक्सच्या जागी डब्ल्यू आलं ते आजही टिकून आहे. पी प्रवासी गाडीचा, जी मालगाडीचा. डिझेल आल्यावर मध्ये डी घातला, विजेसाठी ए. म्हणून आजच्या डब्ल्यूएपी-७ च्या नावात डब्ल्यूपीची दोन्ही अक्षरं आहेत आणि डब्ल्यूएजी-९ मध्ये डब्ल्यूजीची.