मडक्यातला नाग, गळ्यातला अजगर

सर्पप्रदर्शनात मुलांची रांग लागलेली असते आणि कोणीतरी धामण धरून उभं असतं. "घाबरू नका, हात लावा." मूल बोट टेकवतं आणि चकित होतं. साप बुळबुळीत असेल असं वाटलेलं असतं, पण अंग कोरडं, गार लागतं. त्या स्पर्शाने मुलाची भीती थोडी मोडते, हे मान्य. पण धामणीचं काय? तिच्या दृष्टीने एकामागून एक मोठा प्राणी तिला चाचपून जात असतो. ती निपचित राहते ती माणसाळली म्हणून नव्हे, सुटायला वाट नाही म्हणून.

जिवंत साप लोकांसमोर आणण्याची आपल्याकडची सगळ्यात जुनी रीत गारुड्याची. नागाला बाहेरचे कान नसतात. तो डोलतो ते हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. गारुडी त्याचे विषाचे दात उपटायचे; त्याने तोंड चिघळायचं आणि नाग उपासमारीने मरायचा. नागपंचमीला तो दूध 'प्यायचा', कारण आधी कित्येक दिवस त्याला पाणीच दिलेलं नसायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा धंदा बेकायदा ठरला. त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नाही, पकडणंही शिकारच.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची गोष्ट वेगळी, आणि ती समजून घ्यायला हवी. कथा अशी सांगतात की मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला गोरक्षनाथांनी विचारलं, जिवंत नाग पुजशील का? तेव्हापासून गाव जिवंत नाग पुजू लागलं. पंचमीच्या आधी तरुण बांधावर, ओढ्याकाठी नाग शोधायचे, मडक्यात जपून ठेवायचे, बायका हळदकुंकू वाहायच्या, मग मिरवणूक. सण झाला की नाग परत शिवारात. या श्रद्धेला मी खोटी म्हणणार नाही. पण पुढे कोणाचा नाग उंच फणा काढतो याच्या स्पर्धा लागल्या, दुरून गर्दी येऊ लागली आणि देव खेळ झाला. 2002 मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या स्पर्धा आणि मिरवणुका थांबल्या.

शहरातल्या सर्पोद्यानांची वाट तिसरीच. दिसला साप की घाल काठी, अशा काळात सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये पुण्यात 72 विषारी सापांसोबत 72 तास एका काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. 1986 मध्ये पुण्यातच कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्या पिढीने हजारो साप वाचवले, हे ऋण मोठं आहे. पण साप हातात घेऊन दाखवणं हीच प्रबोधनाची पद्धत आहे, असा समजही याच काळात पक्का झाला. तिथूनच पुढे नाग ओठांपाशी नेणारे 'सर्पमित्र' आले, आणि अजगर गळ्यात घालून काढलेले फोटोही. काचेसमोर उभं राहून, जिभेची लवलव बघत दहा मिनिटं घालवलेलं मूल काही कमी शिकत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

प्राणिसंग्रहालयात प्राण्याला छेडणं, त्रास देणं, खाऊ घालणं याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 1991 च्या दुरुस्तीने मनाई झाली आणि 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. त्याच कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने नाग सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.

तरीही शिराळकरांची मागणी विझली नाही. 2025 च्या नागपंचमीच्या तोंडावर केंद्राने 21 नाग पकडायला परवानगी दिली, ती पारंपरिक ज्ञान आणि शिक्षणापुरती. करमणूक आणि स्पर्धा या परवानगीतून स्पष्टपणे वगळल्या होत्या.