रॉकेल झिरपू न देणारं वर्तुळ

बाबांच्या शंभर सीसीच्या गाडीची किक हलकी लागायला लागली होती. वीस वर्षं वापरलेली गाडी. सकाळी चार-पाच किका मारल्याशिवाय सुरू होत नव्हती आणि चढाला पिकअप घेत नव्हती. किक हलकी लागते याचा अर्थ पिस्टन वर येताना दाबलेली हवा कुठून तरी निसटतेय. प्रश्न एवढाच, की कुठून?

हे इंजिन न उघडता कळतं. एका जुन्या प्लगची चिनीमाती काढून त्याच्या लोखंडी कवचात हवेची नळी बसवली, दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, बंद असतील अशा जागी पिस्टन आणला, गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक धरला आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. मग कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून सुसू आवाज आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह गळतोय, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. आमच्या गाडीत आवाज सायलेन्सरमधून येत होता. म्हणजे काम हेडचं होतं. सिलिंडर, पिस्टन उतरवायची गरज नव्हती.

हेड म्हणजे इंजिनचं डोकं, सिलिंडरवरचं झाकण. ॲल्युमिनियमचं ओतीव, बाहेरून पंखांसारखे पातळ पापुद्रे, आत दोन झडपा. एका झडपेतून (इनटेक) पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, दुसरीतून (एक्झॉस्ट) जळालेला वायू बाहेर जातो. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून झडपा उघडणाऱ्या कॅमवरच्या चक्राला क्रँकवरच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. 6000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडून मिटतो, आणि दर वेळी इतका घट्ट मिटावा लागतो की पेटलेला वायू कडेने निसटू नये. त्या गाडीच्या सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास. स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर 40 किलोचा दाब धरला, तरी पिस्टनवर पाऊणशे नव्हे, पावणेआठशे किलोचा भार पडतो. तेवढाच दाब झडपेची कडही शोधत असतो.

खोलण्याचं काम धीराचं आहे, अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवून घ्यायची, टायमिंग चेन चक्रावरून उतरवायची, ती आत पडू नये म्हणून तारेने बांधून ठेवायची. हेडचे चार नट एकदम सोडायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे-थोडे सैल करायचे, नाहीतर हेड वाकतं. झडपेची स्प्रिंग दाबायला सी-क्लॅम्प आणि बाजूने खिडकी कापलेला पाइपचा तुकडा पुरतो. हे मात्र मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करावं. स्प्रिंगला धरून ठेवणारे दोन इवलेसे कॉटर सुटताना उडाले की सापडत नाहीत. कोणता व्हॉल्व्ह कुठला हे लिहून ठेवायचं. वीस वर्षं जो ज्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बैठकीच्या कड्यावर, बसला, तो तिथेच परत बसायला हवा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात आला आणि दोष दिसला. त्याच्या कडेची राखाडी पट्टी एका जागी तुटलेली होती. तिथे काळा, खड्डे पडलेला डाग.

हा डाग का पडतो, ते मला या सगळ्या कामातलं सर्वांत सुंदर विज्ञान वाटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जोरात चालणाऱ्या इंजिनात 700 अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि ही लालबुंद झडप ॲल्युमिनियमच्याच हेडमध्ये बसलेली असते. तरी काही वितळत नाही, कारण झडप आपली उष्णता सतत देऊन टाकत असते. थोडी दांड्यातून गाइडला (दांडा ज्या नळीत सरकतो तिला), पण सुमारे तीन चतुर्थांश कडेच्या त्या मिलिमीटरभर रुंद पट्टीतून सीटला. सीटकडून ती हेडला जाते, हेडकडून पंखांना, पंखांकडून वाऱ्याला. व्हॉल्व्ह सुमारे एक तृतीयांश वेळ उघडा असतो. उरलेल्या दोन तृतीयांश वेळात सीटला टेकून तो निवतो.

आता त्या पट्टीत कार्बनचा कण अडकला, तर तेवढ्या भागातून उष्णता जाणं थांबतं. फटीतून पेटलेला वायू निसटतो, कड आणखी तापते, धातू जळतो, फट वाढते.

झडपेची शेपटी दाबून ती उघडणारे टॅपेट फार घट्ट ठेवले तरी हेच होतं. व्हॉल्व्हच्या शेपटाजवळ केसाहून बारीक फट ठेवतात, कारण झडप आणि हेड वेगवेगळं तापतात, वेगवेगळं प्रसरण पावतात. फट संपली की झडप पूर्ण मिटतच नाही. पुष्कळ जण टॅपेटची टकटक आवडत नाही म्हणून ते आवळून घेतात. गाडी शांत होते आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत राहतो. टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा मुका टॅपेट जास्त घातक, हे गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

नवा व्हॉल्व्ह आणला. तो सीटशी जुळवायचा तर घासायचा. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचे चार-पाच ठिपके लावायचे, रबरी कप असलेली काठी त्याच्या माथ्याला चिकटवायची आणि रवी फिरवतो तशी दोन्ही तळव्यांत ती मागे-पुढे फिरवायची. दहा-बारा वेळा फिरवली की व्हॉल्व्ह उचलायचा, थोडा वळवून दुसऱ्या जागी टेकवायचा, पुन्हा घासायचं. आधी खरखर ऐकू येते, हळूहळू ती मऊ होत जाते. पेस्टमधले कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन 1891 साली विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करू पाहत होता, तेव्हा हे स्फटिक हाती लागले. कठीणपणात ते हिऱ्याच्या जवळपास जातात.

पण साध्या हातांनी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरातली अचूकता येते कशी? हातात तेवढं कौशल्य नसतंच. अचूकता येते ती उचलून वळवण्यातून. समजा सीटवर एक उंचवटा आहे. व्हॉल्व्ह एकाच जागी ठेवून घासला, तर तो त्या उंचवट्याशी जुळवून घेईल आणि दोघं मिळून एक वाकडी जोडी तयार होईल. पण दर थोड्या वेळाने तो वेगळ्या कोनात टेकवला, तर उंचवटा दर वेळी व्हॉल्व्हच्या नव्या जागेला भिडतो आणि झिजत जातो. कोणत्याही कोनात फिरवून ठेवले तरी एकमेकांत बसतात असे आकार वर्तुळाकारच असावे लागतात. म्हणून घासण्याला शेवटी दुसरीकडे जायला वाट राहत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. तिथे हौशी मंडळी हातांनी आरसा घासतात, तेही याच तत्त्वावर. दोन काचा सगळ्या दिशांनी एकमेकींवर फिरवत राहिलं की गोलाचा तुकडा तयार होतो.

पेस्ट मात्र शेवटच्या कणापर्यंत धुवायला हवी. एखादा कण गाइडमध्ये राहिला तर इंजिन सुरू झाल्यावरही तो घासतच राहील. साबणाच्या पाण्याने, ब्रशने, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवावं. मग व्हॉल्व्हच्या पट्टीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या, टेकवून पाव फेरी वळवायचं. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तर पट्टी सगळीकडे टेकतेय.

हेडचा तळ सपाट आहे का तेही पाहिलं. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणला होता. वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगवून ती सपाट करतात. पिल्किंग्टन यांची ही पद्धत 1959 साली जाहीर झाली, तेव्हापासून इतकी चांगली सपाटी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. हेड काचेवर ठेवून 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी कुठून शिरते का ते तपासलं. शिरली नाही. शिरली असती, तर काचेवर वॉटर पेपर ठेवून हेड आठाच्या आकड्यासारखं फिरवत तळ घासला असता.

घरी करू नये अशी कामंही आहेत. व्हॉल्व्ह थोडा उघडा धरून दांडा कडेला हलवला आणि स्पष्ट हेलकावे खाल्ले, तर गाइड बदलावं लागतं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड शंभर अंशांनी तापवलं तर 10 मिलिमीटरचं भोक 0.023 मिलिमीटरने मोठं होतं, आणि तेवढ्यात थंड गाइड आत बसवायचं असतं. त्यानंतर गाइडच्या मध्याला धरून सीट 45 अंशांत पुन्हा कापावी लागते. कोल्हापुरात उद्यमनगरात हे रोज करणारे कारागीर आहेत. तिथे हेड घेऊन जाणं शहाणपणाचं. पेटवलेल्या शेगडीवर हेड ठेवण्याचा प्रयोग कुणी करू नये.

आमचं गाइड चांगलं होतं. नवे सील घालून व्हॉल्व्ह बसवले, एक्झॉस्टच्या पोर्टचं (वायू बाहेर जायच्या वाटेचं) तोंड वर येईल असं हेड धरून त्यात रॉकेल ओतलं आणि थांबलो. रॉकेल पाण्यापेक्षा सहज फटीत शिरतं, म्हणून ही परीक्षा कडक. पंधरा मिनिटांनी व्हॉल्व्हच्या कडेला बोट फिरवलं. कोरडं होतं.

नवं गॅस्केट घालून इंजिन जोडलं. बाबांनी किक पायाने न मारता आधी हाताने दाबून पाहिली. ती अर्ध्यावर येऊन अडली. त्यांनी वजन टाकलं तरी लगेच खाली जाईना.

पाचशे किलोमीटर झाल्यावर टॅपेट पुन्हा मोजले. एक्झॉस्टची फट थोडी कमी झाली होती. नवी पट्टी सीटवर बसते तसा व्हॉल्व्ह किंचित वर सरकतो, म्हणून हे होणारच. फट वाढवून पुस्तकातल्या मापावर आणली आणि नट आवळला.