कोयनेलचा निळा उजेड आणि चिमूटभर मीठ

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू टॉनिक वॉटरची, म्हणजे कडसर सोड्याची, बाटली आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घेऊन आमच्याकडे आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ त्यांनी घरी स्वतः करून पाहिला होता. खोलीतला दिवा मालवला, टॉर्च लावला, तर बाटलीभर निळाशार उजेड! "सर, पाहा ना, काय टाकून राहिले बाप्पा हे लोक यात?"

व्हिडिओत त्याला विष म्हटलं होतं. ते विष नाही, क्विनीन आहे. विदर्भातली जुनी माणसं ज्याला कोयनेल म्हणायची, तेच मलेरियाचं कडूजहर औषध. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये ते लिटरला 83 मिलिग्रॅमपर्यंतच घालता येतं. चमकण्याचा आणि विषारी असण्याचा काडीचा संबंध नाही. धुण्याच्या पावडरीतल्या उजळकामुळे पांढरा शर्टही या टॉर्चखाली चमकतो. तेव्हा टॉर्च मारून 'अंगातली टॉक्सिन्स' दाखवणाऱ्यांकडून कृपा करून काही विकत घेऊ नका.

मी नागपुरात फार्मसी शिकवतो, आणि हाच उजेड आमचं माप आहे. क्विनीनचा रेणू 350 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अतिनील किरण गिळतो, त्यातली थोडी ऊर्जा थरथरण्यात घालवतो आणि उरलेली 450 च्या आसपासच्या निळ्या प्रकाशात परत देतो. जॉन हर्शेलने 1845 मध्ये हा निळा रंग टिपला. 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्सने त्याचा उलगडा केला आणि फ्लुरस्पार या खनिजावरून त्याला फ्लुरोसन्स हे नाव दिलं. पुस्तकी मराठीत प्रतिदीप्ती.

औषध जितकं जास्त, उजेड तितका जास्त. मोजायला सोपं, आणि विलक्षण बारीक. अंबाझरी तलावातून एक बादली पाणी काढलं तर पातळी किती उतरली हे कोणत्याही पट्टीवर कळणार नाही; पण तीच बादली कोरड्या अंगणात ओतली तर लगेच दिसते. किती प्रकाश शोषला गेला हे मोजणं म्हणजे तलाव, फ्लुरोसन्स म्हणजे अंगण. त्यासाठीच फ्लुओरीमीटरमधला, म्हणजे हा उजेड मोजणाऱ्या यंत्रातला, डोळा दिव्याच्या समोर नसतो, काटकोनात असतो, आणि क्युव्हेट, म्हणजे द्रावण भरायची छोटी चौकोनी नळी, चारही बाजूंनी पारदर्शक असते. मुलं ती सवयीने मधोमध धरतात आणि बोटाचा ठसा रीडिंगमध्ये उतरतो. द्रावण मात्र विरळच हवं. दाट असलं तर पुढचाच थर सगळे किरण खातो, काचेलगत निळी पट्टी दिसते आणि मागचं द्रावण अंधारात राहतं. हर्शेललाही उजेड पृष्ठभागापाशीच दिसला होता.

आता माझ्या आवडीची गोष्ट. मागे एका प्रॅक्टिकलला एक मुलगी रडवेली होऊन आली. "सर, रीडिंगच येऊन नाही राहिलं." वजन बरोबर, पातळ करणं बरोबर. टेबलावर पाहिलं तर सौम्य सल्फ्युरिक आम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. दोन्ही आम्लंच, मग उजेड गेला कुठे?

प्रकाश गिळलेला क्विनीनचा रेणू त्या उत्तेजित अवस्थेत साधारण वीस नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे वीस अब्जांश, राहतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा मीटर जातो. पण द्रावणातल्या रेणूंच्या धक्काबुक्कीसाठी हा वेळ पुष्कळ आहे. तेवढ्यात क्लोराइड आयन येऊन आदळला, तर तो आपला इलेक्ट्रॉन क्षणभर या रेणूला देऊ पाहतो. त्या देवघेवीत ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि रेणू उजेड न देताच खाली येतो. सल्फेट आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं, म्हणून त्याची बाधा नाही. उजेडाला ब्रोमाइड क्लोराइडहून घातक, आयोडाइड त्याहून. ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी 1919 मध्ये याचं गणित मांडलं: क्लोराइड नसतानाचा उजेड भागिले क्लोराइड असतानाचा उजेड, हा आकडा क्लोराइडच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढतो. त्या रेषेचा चढ म्हणजे उत्तेजित अवस्थेचा आयुष्यकाळ गुणिले आदळण्याचा वेग. म्हणजे आलेखपेपरवरच्या एका रेषेतून नॅनोसेकंद मोजता येतात! मला दर वर्षी हे शिकवताना तितकाच आनंद होतो.

काकूंनाही तेच करून दाखवलं. टॉनिक वॉटर पेल्यात ओतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. उजेड फिका पडला. आणखी मीठ, आणखी फिका.

"मग औषध गेलं का?"

"नाही काकू, आहे तेवढंच आहे. फक्त दिसून नाही राहिलं."

त्यांनी चव घेऊन खात्री केली. खारट, पण कडू तसंच.

रक्तातलं औषध मोजताना हेच मीठ आडवं येतं, कारण रक्तद्रवात लिटरमागे सुमारे 100 मिलिमोल क्लोराइड असतं. आणि मोजणं तर भागच असतं: क्विनीन कमी पडलं तर मलेरिया हटत नाही, जास्त झालं तर कान वाजू लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी मलेरियाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण या उजेडावरूनच मोजलं. मिठाला चुकवायची एक रीत अशी: नमुना अल्कलीयुक्त करून क्विनीन पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचं, म्हणजे क्लोराइड पाण्यात मागे राहतं. मग द्रावकातलं क्विनीन सौम्य सल्फ्युरिक आम्लात उतरवायचं, आणि क्युव्हेट कडेला धरून यंत्रात ठेवायची.