थायरॉइड कर्करोग : संप्रेरक बंद ठेवण्याचा काळ आणि जीवनमान

कर्करोगामुळे थायरॉइड (अवटू) ग्रंथी पूर्ण काढून टाकल्यावर रुग्णाला लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार किंवा त्याचे स्कॅन करायचे असेल, तर हीच गोळी काही आठवडे मुद्दाम थांबवतात. या मधल्या काळात रुग्णाचे रोजचे जगणे कसे बदलते, हा जीवनमानाच्या अभ्यासाचा विषय आहे. अनेकांना शस्त्रक्रियेपेक्षा हे ‘गोळी बंद’चे दिवसच जास्त जड जातात.

संप्रेरक कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, वाढवते, आणि टीएसएच वाढला की उरलेल्या थायरॉइड पेशी आयोडीन जोमाने ओढून घेतात. साधारणपणे टीएसएच ३० मिलि-आययू प्रति लिटरच्या वर जावा लागतो. गोळीतील संप्रेरक रक्तात निम्मे व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून ती ३ ते ४ आठवडे बंद ठेवतात. थायरॉइड कर्करोगाच्या पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारांतच याचा उपयोग आहे, कारण मेड्युलरी प्रकारच्या पेशी आयोडीन घेतच नाहीत.

सुरुवातीचे दिवस बरे जातात. मग अंगातले त्राण जाते, थंडी वाजते, चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो, पोट साफ होत नाही, वजन वाढते. त्याहून त्रासदायक म्हणजे डोके चालेनासे होते : वाचलेले लक्षात राहत नाही, ओठावरचा शब्द सापडत नाही, मन उदास राहते. प्रतिक्रिया मंदावत असल्याने वाहन न चालवणे बरे. बाहेरून माणूस फारसा आजारी दिसत नाही, त्यामुळे घरात आणि कचेरीत त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसू शकतो. कोलेस्टेरॉल वाढते, मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनही शरीरात जास्त वेळ रेंगाळते.

त्यातच, पेशींनी किरणोत्सारी आयोडीन जोमाने ओढावे म्हणून, १–२ आठवडे कमी आयोडीनचा आहार असतो. आयोडीनयुक्त मीठ, समुद्रातील मासे, अंडी, दूध वर्ज्य. मालवणी घरात हे पथ्य म्हणजे ताटातले निम्मे पदार्थ उचलून नेण्यासारखेच. बाहेरचे फरसाण, पापड, लोणचेही चालत नाही, कारण त्यात कोणते मीठ पडले हे कळत नाही. पुढे किरणोत्सारी आयोडीनची मोठी मात्रा दिल्यावर, आधीच गळून गेलेल्या माणसाला स्वतंत्र खोलीत एकट्याने राहावे लागते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या रुग्णांवर असे उपचार होतात. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था १९६३ पासून आहे.

जीवनमान मोजायला एसएफ-३६ ही प्रश्नावली बरीच वापरली जाते. २००६ च्या एका अभ्यासात गोळी बंद असताना रुग्णांचे गुण इतके घसरले, की काही बाबतींत ते हृदय निकामी झालेल्या किंवा नैराश्याच्या रुग्णांपेक्षाही खाली गेले.

पर्याय आहे. थायरोट्रोपिन अल्फा हे कृत्रिम टीएसएच दोन दिवस ०.९ मिलिग्रॅम इंजेक्शनने देतात आणि तिसऱ्या दिवशी आयोडीन. गोळी सुरूच राहते. अमेरिकेत ते १९९८ मध्ये तपासणीसाठी मंजूर झाले. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘हायलो’ (४३८ रुग्ण) आणि फ्रान्सच्या ‘एस्टिमाब्ल’ (७५२ रुग्ण) या चाचण्यांत दोन्ही पद्धतींचे यश सारखे ठरले, मात्र उपचाराच्या वेळचे हाल इंजेक्शनच्या गटात कमी होते. तीन महिन्यांनंतर हा फरक उरला नाही. म्हणून काही जण त्याला ‘तात्पुरता त्रास’ म्हणतात, पण हातावर पोट असलेल्याला बुडालेले आठवडे परत मिळत नाहीत. भारतात हे इंजेक्शन महाग पडते, त्यामुळे गोळी बंद करण्याचीच पद्धत जास्त चालते.

मधला मार्ग म्हणजे आधी काही आठवडे लिओथायरोनिन हे थायरॉइडचेच दुसरे संप्रेरक देणे. ते शरीरातून लवकर उतरते, म्हणून शेवटचे दोनच आठवडे औषधाविना काढावे लागतात. गोळी पुन्हा सुरू झाल्यावरही पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात, आणि कामावर रुजू होण्याची तारीख ठरवताना ते बहुधा विसरले जाते.

कमी धोक्याच्या लहान गाठींसाठी २०२२ च्या ‘एस्टिमाब्ल-२’ चाचणीत आयोडीन न देताही तीन वर्षांनंतरचे निकाल तितकेच चांगले आढळले. अशा रुग्णांची देखरेख आता थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइड पेशींनी बनवलेल्या प्रथिनाची) रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी यांवर होते. त्यांना गोळी थांबवावीच लागत नाही.