वाफेचं की पंपाचं? 'एस्प्रेसो मशीन' विकत घेण्याआधी

नाशिकमध्ये मेन रोडला किंवा कॉलेज रोडला एखाद्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन एस्प्रेसो मशीन दाखवायला सांगा. काउंटरवर दोन खोकी येतील. दोन्हींवर 'एस्प्रेसो' लिहिलेलं, दोन्हींवर पांढऱ्या कपातल्या तपकिरी सायीचा तोच फोटो, दोन्हींना दूध फेसाळायची नळी. एक चार-पाच हजारांचं, दुसरं दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर. फरक काय विचारलं तर "काका, कॉफी दोन्हीत होते, हे जरा हेवी मॉडेल आहे" असं उत्तर मिळतं आणि गिऱ्हाईक बहुतेकदा स्वस्त खोकं उचलतं.

पण ही एकाच यंत्राची लहान-मोठी भावंडं नाहीत. एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने रेटून काढलेली छोटी, दाट कॉफी. पहिल्यात कॉफीच्या पुडीतून पाणी ढकलते वाफ, दुसऱ्यात पंप. चव, फेस, आवाज, किंमत, कुठली पूड घालायची, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

आधी वाफेचं यंत्र. आत धातूची एक छोटी बंद टाकी असते. वरचं फिरकीचं झाकण उघडून मोजून पाणी ओतायचं, झाकण घट्ट आवळायचं, बटण दाबायचं. दोन-तीन मिनिटं काही घडत नाही. मग पाणी उकळतं, वाफ टाकीत कोंडते आणि तीच वाफ उरलेल्या पाण्याला नळीतून खाली पुडीत रेटते. तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचंच, शिट्टीच्या जागी कॉफीची पूड बसवलेली. कुकरला लागू असलेला नियमही इथे लागू: गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

अडचण दाबाच्या मापाची आहे. एस्प्रेसोसाठी साधारण ९ बार दाब लागतो (१ बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) आणि पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान असावं लागतं. आता बंद भांड्यात दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक वाढवलं की दुसरं वाढतंच. उघड्या पातेल्यात नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. बंद टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाब हवा असेल तर पाणी १२० अंशांवर न्यावं लागतं, ३ बारसाठी १४४ अंशांच्या जवळ आणि ९ बारसाठी तब्बल १८० अंशांवर. एवढ्या तापलेल्या पाण्याने पूड करपेल, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तसली टाकी कुणी ठेवूही नये. म्हणून ही यंत्रं थोड्याच दाबावर थांबतात. खोक्यावर साडेतीन, चार किंवा पाच बार छापलेलं असतं. प्रत्यक्ष पुडीवर येणारा दाब बहुधा त्याहूनही कमी असतो. कंपनीने कितीही चांगला पत्रा वापरला तरी हे बदलत नाही, कारण अडवणूक भौतिकशास्त्राची आहे.

गंमत म्हणजे एस्प्रेसोचा जन्म वाफेवरच झाला. इटलीतल्या तुरीनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये आपलं. त्या काळच्या कॉफीवर आज आपण फोटोत पाहतो तशी साय नव्हती. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. आकिले गाज्जियाने दांडा ओढून स्प्रिंगच्या जोराने पाणी दाबणारं यंत्र बाजारात आणलं आणि दाबाचं वाफेशी असलेलं लग्न मोडलं. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या 'ई ६१' यंत्राने दांड्याचं काम विजेच्या पंपाला दिलं. म्हणजे आज चार-पाच हजारांत मिळतं ते गाज्जियाच्या आधीच्या जमान्यातलं यंत्र आहे, फक्त प्लॅस्टिकच्या अंगरख्यात.

म्हणून ते वाईट ठरत नाही. त्यातून कडक, दाट, काळी कॉफी निघते आणि दुधात ती छान लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी दुधाचीच पितात. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नात फसफसणाऱ्या पितळी यंत्रापुढे रांग लागते तिथेही कपात इन्स्टंट कॉफी, साखर, वाफेने उसळवलेलं दूध आणि वर चॉकलेटची पूड असते, आणि त्या कपाला नावं ठेवणारा मला अजून भेटलेला नाही. पण काळी एस्प्रेसो प्यायची म्हणून कुणी वाफेचं यंत्र घेतलं, तर कपात येणारी कॉफी पातळ अंगाची असेल, शेवटाकडे कडवट होईल आणि वरचा फेस कप उचलेपर्यंत विरेल. कडवटपणाचं कारण असं, की टाकीतलं पाणी संपत आलं की पुडीतून उघडी वाफ जायला लागते. नळीतून फुसफुस सुरू व्हायच्या आतच बटण बंद केलं तर निम्मी तक्रार मिटते. दूध फेसाळायची वाफही याच टाकीतून येते, त्यामुळे त्यासाठी थोडं पाणी जादा घालावं लागतं.

माझं मत विचाराल तर वाफेचं यंत्र म्हणजे प्लग लावलेला मोका पॉट. अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यात १९३३ मध्ये तयार झालेलं ते अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं याच तत्त्वावर गॅसवर चालतं, बरंच स्वस्त पडतं, ओट्यावर जागा अडवत नाही आणि त्यात बिघडण्यासारखं एक रबरी वॉशर सोडलं तर काही नाही. दूध फेसाळायची नळी नको असेल तर चार-पाच हजारांचं वाफेचं यंत्र घेण्याचं कारण मला दिसत नाही.

आता पंपाचं यंत्र. मागे काढता-घालता येणारी पाण्याची टाकी, तिच्यातलं पाणी थंडच. बटण दाबलं की एक छोटा विद्युतचुंबकी पंप घर्रर्र आवाज करत ते पाणी खेचतो, तापवायच्या भागातून नेतो आणि पुडीवर दाबतो. इथे दाब पंपाचा आणि उष्णता हीटरची, दोघांची कामं वेगळी. म्हणूनच पाणी ९३ अंशांवर ठेवूनही ९ बार मिळू शकतात. पाच-आठ सेकंद काही पडत नाही, मग मधासारखी धार सुरू होते. दुधासाठी वाफ हवी असेल तर हीटरला १०० च्या बऱ्याच वर जावं लागतं, त्यामुळे वाफेनंतर लगेच दुसरा कप काढायचा असेल तर आधी थोडं पाणी वाहू देऊन यंत्र निववायचं. ही छोटी युक्ती माहितीपुस्तिकेत कुठेतरी कोपऱ्यात असते आणि ती न वाचणारे "दुसरा कप कडू येतो" म्हणतात.

खोक्यावरच्या १५ बार, २० बार या आकड्यांना मात्र भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब, म्हणजे पाण्याची वाट पूर्ण बंद केली तर पंप किती जोर लावेल तो. कप भरताना पुडीवर एवढा दाब येत नाही आणि येऊही नये. २० बारचं यंत्र १५ बारवाल्याहून चांगली कॉफी करतं असं अजिबात नाही. हा आकडा एवढ्याच कामाचा: एकेरी असेल तर यंत्र वाफेचं, १५ किंवा वर असेल तर पंपाचं.

पंपाचं यंत्र आणलं की काम झालं असं समजणाऱ्यांचा खरा घोळ पुढे होतो, तो गाळणीच्या वाटीवरून. पूड भरायची ती धातूची वाटी दोन तऱ्हांची असते. उलटी करून उजेडात धरा. तळाला भोकंच भोकं दिसली तर ती साधी वाटी. बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक असेल तर ती दुहेरी तळाची. स्वस्त यंत्रांबरोबर बहुधा ही दुसरीच येते. तिच्यात दाब पुडीमुळे तयार होत नाही, त्या एका भोकामुळे होतो. त्यामुळे पूड कशीही असो, जुनी असो, जाडी असो, कपावर फेस येतोच. दिसायला सुरेख, पण तो फेस भोकातून फवारा मारल्याचा आहे. खऱ्या सायीत कॉफी भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड आणि कॉफीतलं तेल असतं. फरक जिभेला कळतो. फेस दाखवून पाहुण्यांना खूश करायचं असेल तर दुहेरी वाटी पुरे, आणि नवशिक्याने पहिले काही आठवडे तीच वापरावी असं मी म्हणेन.

साध्या वाटीत मात्र सगळा भार दळण्यावर येतो. दोन कपांच्या वाटीत १६ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत ३२ ग्रॅमच्या आसपास कॉफी, असं गणित धरून चालायचं. दहा सेकंदांत धो धो आलं तर दळण जाडं, थेंबथेंब पडत राहिलं तर फार बारीक. मिक्सरच्या भांड्यात हे जमत नाही, कारण पाती दाणे फोडतात: काही पीठ, काही कणी. दोन चक्र्यांमध्ये दाणा भरडणारं हाताचं ग्राइंडर चांगलं घ्यायचं तर आणखी तीन-चार हजार धरा, आणि यंत्राचं बजेट ठरवतानाच ते धरा. मी तर म्हणेन, पैसे कमी पडत असतील तर यंत्र साधं घ्या, ग्राइंडर चांगलं.

पुडीबद्दल आणखी एक. वाण्याकडे मिळणारी फिल्टर कॉफीची पूड दोन्ही यंत्रांत घालून पाहायचा मोह होतो. पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण वाचा; नियमानुसार ते ४९ टक्क्यांपर्यंत असू शकतं. चिकोरी ओली झाली की चिकट होते आणि वाटीची भोकं बुजवते. वाफेच्या यंत्रात हे जास्त वाईट, कारण वाट अडली की टाकीतला दाब आणि तापमान दोन्ही चढतात. तिथे पूड थोडी जाडसरच हवी, बोटांत चोळल्यावर कणी जाणवेल अशी, आणि ती दाबून भरायची नाही. इन्स्टंट कॉफी तर दोन्हींत घालायची नाही, ती वाटीतच विरघळून चिखल होतो. बिनचिकोरीची, भाजल्याची तारीख छापलेली कॉफी चिकमगळूर-कोडगूहून आता घरपोच येते. थोडी कॉफी आपल्या महाराष्ट्रातही होते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला. एस्प्रेसोसाठी रोबस्टा जातीचे दाणे मिसळलेली कॉफी कमी दर्जाची मानायचं कारण नाही. तिची साय उलट दाट येते.

हे सगळं वाचून ज्यांना घाम फुटला त्यांच्यासाठी कॅप्सूल आहे, म्हणजे एका कपापुरती पूड भरलेली छोटी बंद डबी. कॅप्सूलची यंत्रं पंपाच्याच घराण्यातली. दळणं, मोजणं, दाबणं ही तीन कामं कारखान्यात उरकलेली असतात. नेस्प्रेसो कंपनीच्या मूळ पद्धतीच्या कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅम पूड हवाबंद असते. यंत्र वरून सुया खुपसतं, पाणी आत दाबतं आणि दाबाने खालची पन्नी फुटून कॉफी बाहेर येते. रोज सारखीच चव येते, बिघडत नाही, सुधारतही नाही. इथेही जोड्या जुळवताना लोक फसतात. मूळ पद्धतीच्या यंत्रात दुसऱ्या कंपन्यांच्या, अगदी भारतीय बनावटीच्या, जुळणाऱ्या कॅप्सूल चालतात. त्याच कंपनीच्या व्हर्चुओ यंत्रात मात्र त्या बसत नाहीत, कारण ते दाबाऐवजी कॅप्सूल मिनिटाला ७००० पर्यंत फेरे गरगर फिरवून कॉफी काढतं आणि कडेवरचा बारकोड वाचतं. डोल्चे गुस्तो नावाच्या यंत्रांच्या कॅप्सूलचा आकार पुन्हा तिसराच. कागदात बांधलेली ७ ग्रॅमची, ४४ मिलिमीटरची चपटी पुडी मिळते ती आणखी निराळी. ती काही पंपाच्या यंत्रांत वेगळी वाटी लावून चालते. परदेशातून येणाऱ्या भाच्याला "येताना कॅप्सूल आण रे" सांगण्याआधी यंत्राचं पूर्ण नाव कळवा.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. कॅप्सूल पन्नास रुपयांची धरली आणि घरात रोज दोन कप झाले तर महिन्याला ३००० रुपये. अडीचशे ग्रॅम दाणे पाचशे रुपयांना धरले तर १६ ग्रॅमची दुहेरी एस्प्रेसो ३२ रुपयांत पडते, आणि ती कॅप्सूलच्या कपापेक्षा जवळजवळ तिप्पट पुडीची असते. एकटा माणूस, दिवसाला एक कप, सकाळी सातला अंबडला शिफ्ट, अशा घरात मात्र कॅप्सूलच शहाणपणाची. तिच्यातला चोथा ओला कचरा आणि कवच सुका. घंटागाडी यायच्या आत ती कापून वेगळी करणारं घर मी पाहिलेलं नाही. सुट्ट्या पुडीचा चोथा निदान कुंडीतल्या मातीत कालवता येतो.

उरल्या दोन गोष्टी, दोन्ही घरात पाहून घ्यायच्या. पाणी: गंगापूर धरणाचं नळाचं पाणी ठीक, पण सोसायटी बोअरवर चालत असेल आणि किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल, तर तोच थर यंत्राच्या नळीत धरणार. गाळलेलं पाणी वापरा आणि अधूनमधून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून नंतर दोनदा साधं पाणी सोडा. वाफेच्या यंत्राला याचा त्रास कमी, पंपाला आणि कॅप्सूलला जास्त, कारण त्यांच्या वाटा बारीक. वीज: वाफेचं यंत्र ८०० वॅटच्या आसपास असतं, ते साध्या सॉकेटवर चालतं. पंपाचं १४५० वॅटचं असेल तर सहा अँपिअरच्या मर्यादेबाहेर जातं. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, आणि बऱ्याच स्वयंपाकघरांत तो एकच असतो, मायक्रोवेव्हने अडवलेला.