सिनियरने शिकवणं आणि शेजाऱ्याला पटवणं

नागपुरात मेडिकल असो, मेयो असो की मिहानमधलं एम्स, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला न्यूरोअॅनॉटॉमी (मेंदू आणि मज्जारज्जूची रचना) आली की ‘मुलांनी मुलांना शिकवायचं’ अशी कल्पना निघते. या एका नावाखाली दोन पद्धती येतात. त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही वाया जातात.

पहिली निअर-पिअर टीचिंग, म्हणजे थोड्या पुढच्या विद्यार्थ्याने शिकवणं. एक-दोन वर्षं पुढचा सिनियर डिसेक्शन हॉलमध्ये सहा-आठ जणांना मेंदूचा एक काप घेऊन अर्धा-पाऊण तास शिकवतो. इंटर्नल कॅप्सूल (मेंदूच्या आतला मज्जातंतूंचा पट्टा) ओळखताना तो फार कामाचा. त्याच्या पुढच्या भागाच्या, म्हणजे अँटीरियर लिंबच्या आतल्या बाजूला कॉडेट, मागच्या म्हणजे पोस्टीरियर लिंबच्या आत थॅलॅमस आणि दोन्हींच्या बाहेर लेंटिफॉर्म, हे तिन्ही मेंदूच्या आतले चेतापेशींचे गोळे. काप उलटा ठेवला की हे सगळं डोक्यातून जातं, आणि आपलं कुठे अडलं होतं हे त्याला अजून आठवत असतं. धोकाही त्याच्यातच आहे. त्याची चूक जशीच्या तशी आठ जणांत उतरते, म्हणून आधी पंधरा मिनिटं शिक्षकांनी त्याच्याकडून तोच काप म्हणवून घ्यावा.

दुसरी पिअर इन्स्ट्रक्शन, म्हणजे बरोबरीच्यांनी एकमेकांना पटवणं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली. इथे सिनियर नसतोच. शिक्षक थोडं शिकवून एक प्रश्न टाकतात:

उजवा अर्धा मज्जारज्जू टी-१० ला (छातीच्या भागातल्या दहाव्या खंडाशी) कापला गेला. डाव्या पायाचं काय जाईल? अ) ताकद ब) कंपनाची जाणीव क) वेदना आणि तापमान ड) तिन्ही.

मिनिटभर न बोलता विचार, मग सगळ्यांनी एकदम आपल्या पर्यायाचं कार्ड वर. हात वर करायला सांगू नये. मागचे बाक टॉपरकडे बघून हात उचलतात. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असली तर चर्चा नको, विषय पुन्हा शिकवावा. ७० च्या वर असली तर दोन वाक्यांत पुढे जावं. मधे असली तरच तीन-चार मिनिटं शेजाऱ्याला पटवायला द्यावीत आणि पुन्हा कार्ड. पहिल्या फेरीचा आकडा आधी सांगितला तर सगळे बहुमताकडे वळतात. चर्चा मराठीत होवो की हिंदीत, अडवू नये.

‘सेन्सरी सगळं क्रॉस होतं’ (जाणिवेचे सगळे तंतू लगेच बाजू बदलतात) म्हणून ‘ब’ निवडणारे इथे सापडतात. वेदना आणि तापमान नेणारे स्पायनोथॅलॅमिकचे तंतू एक-दोन सेगमेंटमध्येच मज्जारज्जूत बाजू बदलतात. कंपनाची जाणीव नेणारे डॉर्सल कॉलमचे मेड्युलापर्यंत (मेंदूच्या बुडापर्यंत) त्याच बाजूने चढतात. हालचालीचे हुकूम नेणारे कॉर्टिकोस्पायनलचे बहुतेक तंतू मेड्युलातच बाजू बदलून खाली येतात. म्हणून उजव्या पायाची ताकद आणि कंपनाची जाणीव जाते, डाव्या पायाची वेदना आणि तापमान. उत्तर ‘क’.

फरक इथेच आहे. ट्रॅक्ट (तंतूंचा मार्ग) कुठे क्रॉस होतो हे माहीत असलं की उत्तर वाद घालून काढता येतं. कॉडेटचं नाव वाद घालून निघत नाही, ते कुणीतरी दाखवावंच लागतं. म्हणून स्पॉटरच्या (दाखवलेला भाग ओळखायच्या परीक्षेच्या) तयारीला मतदान घेऊ नये. आणि प्रश्नाच्या तासाला गटात सिनियर बसवू नये, कारण त्याचं कार्ड दिसताच चर्चा संपते.

दुसऱ्या फेरीनंतर नुसतं ‘क बरोबर’ म्हणून थांबणं ही नेहमीची चूक. ‘ब’ का चुकलं हे ‘ब’ निवडलेल्याकडूनच वदवून घ्यावं. शेजाऱ्याच्या आवाजाला दबून ज्यांनी कार्ड बदललं, त्यांना कारण तेव्हाच कळतं.