लॉग पाहून इन्स्ट्रुमेंटेशन तपासण्यामागची पार्श्वभूमी

प्रोग्रामचा वेळ नेमका जातो कुठे, हे मोजण्याची धडपड जुनी आहे. त्यासाठी प्रोग्राममध्ये घातलेला मोजणारा कोड म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन. १९८२ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या मंडळींनी जीप्रोफ हा वेळ मोजणारा प्रोग्राम मांडला आणि कोणत्या फंक्शनने किती वेळ घेतला, त्याला कोणी बोलावलं, हे एकत्र दिसू लागलं. पण अहवाल हातात यायचा तो प्रोग्राम संपल्यावर. चालू सर्व्हरचा माग काढायला लॉगच, म्हणजे प्रोग्राम चालताना लिहीत जातो त्या नोंदीच, लागायच्या. त्याच दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग ही नोंदी ठेवणारी व्यवस्था लिहिली होती. पुढे ती साऱ्या युनिक्स जगाने उचलली.

पेच वाढला तो २००४ मध्ये, जावा ५ पासून. क्लास लोड होतानाच त्याच्या बाइटकोडमध्ये (सोर्सपासून बनलेल्या, यंत्राने चालवायच्या रूपात) मोजणारा कोड घुसवण्याची सोय एजंटला, म्हणजे बाहेरून जोडलेल्या प्रोग्रामला, मिळाली. मूळ सोर्समध्ये मोजमापाची एकही ओळ नसते, त्यामुळे कोड वाचून काहीच कळत नाही. शिवाय इन्स्ट्रुमेंटेशन बिघडलं तरी ॲप्लिकेशन बहुधा सुरळीतच चालतं. चुकतो तो फक्त आकडा, आणि त्याच आकड्यावर विसंबून लोक रात्र रात्र भलत्याच डेटाबेस क्वेरीच्या मागे लागतात. म्हणून मोजणाऱ्या कोडलाही टेस्ट हवीच, असं मी ठामपणे म्हणतो.

रीत साधी आहे. फंक्शन मुद्दाम ५० मिलिसेकंद थांबवायचं आणि लॉगची ओळ पकडायची. मिलिसेकंदांच्या रकान्यात ०.०५ दिसलं, तर कोणीतरी सेकंद लिहिलेत. एकाच कॉलच्या दोन ओळी आल्या, तर बहुधा मोजणी दोनदा बसली आहे. ओळच नसेल, तर एजंट जोडला गेला होता का, हे आधी पाहायचं. अपेक्षा मात्र ‘किमान ५०’ अशीच ठेवावी. नेमके ५० मिळतीलच असं नाही. कालावधी उणे आला, तर मोजताना बहुधा सिस्टिमचं घड्याळ मागे सरकलेलं असतं. कधीच मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळ पायथॉनमध्ये २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीत आलं.

लॉगची ओळ पकडायलाही आधी खटपट करावी लागे. पायथॉन ३.४ ने २०१४ मध्ये लॉगच्या ओळी तपासणारं असर्टलॉग्ज थेट युनिटटेस्ट या आपल्या टेस्टच्या लायब्ररीतच दिलं. तरी मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला की टेस्ट लाल, हे दुखणं राहिलंच. जेसन लॉगमुळे, म्हणजे प्रत्येक माहिती नाव देऊन वेगळी लिहिणाऱ्या लॉगमुळे, ते बरंच कमी झालं. २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे मोजमापाचे दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झाली. तिथे स्पॅन, म्हणजे एका कामाची वेळेसकट नोंद, मेमरीत साठवून थेट तपासता येतो.

तरीही लॉग पाहणं सुटलेलं नाही. स्पॅनची टेस्ट हिरवी असते, पण प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, लॉगची पातळी इन्फो असते आणि वेळेची ओळ त्याखालच्या डीबग पातळीवर लिहिलेली असते. मग ती बाहेर पडतच नाही.